'पास आऊट' म्हणजे नक्की काय?

वस्तीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, "शिक्षण कुठवर आलं?" उत्तर येते, "बी.कॉम. पास आऊट आहे, २०२१ चा." आईला त्याचा अर्थ बरोबर कळतो. पोरगा कॉलेज पुरे करून बाहेर पडला. घरात पहिलीच पदवी आलेली असली, की ती माउली हेच दोन शब्द शेजारणीला कौतुकाने ऐकवते. जरूर ऐकवावेत.

पण हेच शब्द परदेशी साहेबाकडे जाणाऱ्या अर्जात लिहिताना थोडे थांबावे. इंग्लंड-अमेरिकेत 'पास आऊट'चा रोजचा अर्थ आहे शुद्ध हरपणे. उपाशीपोटी उन्हात उभा राहून कोणी कोसळला, तो 'पास्ड आऊट'. दारू पिऊन आडवा झाला, तोही 'पास्ड आऊट'. आता "आय पास्ड आऊट इन २०२१" असे कोणी लिहिले, तर वाचणाऱ्यापुढे पदवीधर उभा राहील की चक्कर आलेला माणूस? (अमेरिकेतले मास्तर वर्गात कागद वाटतात, त्यालाही 'पास आऊट' म्हणतात. तो अर्थ आपल्याला फारसा लागत नाही.)

मग आपली मुले चुकतात काय? आम्हाला तसे वाटत नाही. लष्कराचे किंवा पोलिसांचे प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडणे, याला इंग्रजही 'पास आऊट' म्हणतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत होते ती 'पासिंग आऊट परेड', म्हणजे आपले दीक्षान्त संचलन. ३० मे २०२५ रोजी तेथून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या 'पास आऊट' झाल्या, असे लंडनच्या माणसानेही बिनदिक्कत लिहावे. आपण भारतीयांनी तोच शब्द कॉलेजालाही लावला, एवढाच फरक. येथल्या कंपन्या नोकरीच्या जाहिरातीत '२०२३ पास आऊट' असे छापतातच. तेव्हा या शब्दावरून कोणी आपल्या मुलाला हसला, तर मुलाने मान खाली घालण्याचे कारण नाही.

अर्जासाठी सोपा मार्ग आहे. 'आऊट' गाळावा. "आय पास्ड बी.कॉम. इन २०२१" हे कुठेही चालते. "आय ग्रॅज्युएटेड इन २०२१" हेही चालते. परीक्षेला तर 'आऊट' कधीच लागत नाही. परीक्षा नुसती 'पास' होते. छापील अर्जातला रकाना पाहा, 'इयर ऑफ पासिंग' एवढेच असते. आणि 'पास्ड'चा उच्चार शेवटी 'ट'कडे झुकतो, 'पास्ट' असा. मुलाखतीला जाण्यापूर्वी घरी दोन-चारदा मोठ्याने म्हणून पाहावा.

नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनी मात्र हा शब्द पक्का करावा. बाहेरदेशी नोकरीला जायचे असेल तर अधिकच. पेशंट बरा होऊन घरी गेला, तर तो 'डिस्चार्ज्ड'. 'द पेशंट पास्ड आऊट' म्हणजे पेशंट बेशुद्ध पडला. डॉक्टरांना लगेच बोलवायचे. आणि 'पास्ड अवे' म्हणजे तो वारला. मग नातेवाइकांना कळवावे लागते. रात्रपाळीला फोनवर निरोप देताना 'पास्ड'नंतरचा तो लहानसा शब्द स्पष्ट उच्चारावा, आणि ऐकणाऱ्याकडून एकदा वदवून घ्यावा.