लपणातून पाणपक्ष्यांचे दर्शन

राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळ मुळा नदीवर मोठे धरण आहे. त्याच्या जलाशयास ‘ज्ञानेश्वर सागर’ म्हणतात. पावसाळ्यात भरलेले पाणी पुढे ओसरू लागले, की काठचा चिखल उघडा पडतो. तेथे पाणवनस्पती, गोगलगायी व किडे यांची रेलचेल असते. हिवाळ्यात उत्तरेकडील सरोवरे गोठतात, तेव्हा तेथील बदके अन्नासाठी अशा उथळ पाण्याच्या शोधात दक्षिणेकडे येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तर हिमालय ओलांडून महाराष्ट्रात येतो.

हे पाहुणे फार सावध असतात. माणसाची चाहूल लागताच सारा थवा उडून जातो. म्हणून त्यांना आडोशाआडून पाहावे लागते. अशा आडोशास ‘लपण’ म्हणतात. चार काठ्या रोवून त्यांना कडब्याच्या पेंढ्या किंवा उसाचे पाचट बांधावे व डोळ्यांपुरत्या फटी ठेवाव्या. लपण काही दिवस आधी उभारले, तर पक्ष्यांना त्याची सवय होते. सकाळी सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडावा आणि उजाडण्यापूर्वीच वडीलधाऱ्यांसह आत जाऊन निश्चल बसावे.

मग पाण्यावरील संसार दिसू लागतो. थापट्या बदक आपली रुंद चोच पाण्यात फिरवून चाळणीने गाळावे तसे बारीक जीव गाळून घेते. तलवार बदक शेपटी वर करून लांब मान तळापर्यंत नेते. काळा वारकरी आपल्या कपाळावरील पांढऱ्या टिळ्यामुळे चटकन ओळखू येतो. तो बुडी मारून पाणवनस्पती वर आणतो. पिवळ्या टोकाच्या चोचीवर लाल ठिपके मिरविणारे हळदी-कुंकू बदक मात्र पाहुणे नव्हे, ते येथलेच रहिवासी. प्रत्येकाची चोच निराळी, खाण्याची रीतही निराळी. म्हणून एकाच पाण्यावर सर्वांचा निर्वाह होतो.

लपणाचा खरा उपयोग केवळ आपल्या सोयीचा नाही. परतीच्या दीर्घ प्रवासासाठी या पक्ष्यांना अंगात चरबी साठवावयाची असते. कोणी दगड मारून थवा उठविला, तर त्यांचे खाणे थांबते आणि साठविलेली शक्ती व्यर्थ खर्च होते. आपल्या क्षणभराच्या मौजेची किंमत त्यांना वाटेत मोजावी लागते.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील पाणथळ प्रदेश १९८६ साली अभयारण्य झाला. २०२० साली त्यास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या ‘रामसर’ स्थळांच्या यादीत स्थान मिळाले; हा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय. परंतु प्रत्येक तळ्यावर पहारेकरी नेमता येत नाही. तेथे आपला संयम हाच पक्ष्यांचा रक्षक. आपण आलो आणि गेलो, हे पक्ष्यांना कळलेही नाही, तर आपले निरीक्षण उत्तम झाले असे समजावे.