डाफ्ट पंक : हेल्मेटाआडचा जुना डिस्को

१९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘जिमी जिमी जिमी आजा’ मांडवात नाहीतर वरातीत ज्यांच्या कानावर पडलंय, त्यांचं डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीशी लांबचं नातं लागतं. बप्पी लाहिरींनी ती चाल बेतली होती ‘ओटावान’ या फ्रेंच डिस्को गटाच्या ‘यू आर ओके’वर. ओटावानमागच्या दोन निर्मात्यांपैकी एक दानिएल व्हांगार्द. त्यांचा मुलगा तोमा बांगाल्तेर म्हणजे अर्धं डाफ्ट पंक. उरलेला अर्धा भाग गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो. लोकांनी या दोघांना यंत्रयुगाचे दूत ठरवलं. प्रत्यक्षात आयुष्यभर ते जुनं संगीतच नव्याने वाजवत राहिले.

१९८७ मध्ये पॅरिसच्या लिसे कार्नो शाळेत त्यांची ओळख झाली. पहिला उद्योग गिटारचा. ‘डार्लिन’ नावाच्या त्यांच्या रॉक बँडला ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाने खुळचट (‘डाफ्ट’), पंक छापाचा गोंगाट म्हणून उडवून लावलं. पोरांनी त्या शेऱ्यातूनच नवं नाव उचललं आणि गिटार खाली ठेवून शिकागो-डेट्रॉइटच्या हाउस आणि टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताकडे मोर्चा वळवला.

जानेवारी १९९७ मध्ये आलेला ‘होमवर्क’ हा अल्बम बांगाल्तेरच्या घरी, झोपायच्या खोलीत तयार झाला. ‘टीचर्स’ या गाण्यात तर त्यांनी आपल्या गुरुजनांची नावंच ओळीने घेतली आहेत. त्यांच्या ठेक्यातली एक खुबी नीट कान देऊन ऐकण्यासारखी आहे. बास ड्रमचा ठोका पडला की बाकीचं सगळं संगीत क्षणभर दबतं आणि लगेच उसळून वर येतं. गाणं श्वास घेतंय असं वाटतं. हे काम करणारा कॉम्प्रेसर स्वस्तातलाही चालतो. त्याने आवाज किती दाबायचा आणि केव्हा सोडायचा, यात सगळी कारागिरी. पुढे हीच लकब जगभरच्या नाचगाण्यांत शिरली.

२००१ च्या ‘डिस्कव्हरी’त त्यांनी लहानपणीचा डिस्को उघडपणे जवळ केला. जुन्या तबकडीतला छोटासा तुकडा घ्यायचा, कापायचा, उलटसुलट जोडायचा आणि त्यातून नवीच चाल उभी करायची, ही त्यांची रीत. ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’चा पाया एडविन बर्डसाँगच्या १९७९ च्या ‘कोला बॉटल बेबी’त आहे. त्याच गाण्यावर २००७ मध्ये कान्ये वेस्टने ‘स्ट्राँगर’ रचलं. या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. ‘वन मोअर टाइम’चा गाभा एडी जॉन्सच्या १९७९ च्या गाण्यातून आला. ‘वन मोअर टाइम’ जगभर गाजलं, पण जुन्या गाण्याचे हक्क दुसऱ्याच कंपनीकडे असल्याने जॉन्सच्या पदरात वर्षानुवर्षं काही पडलं नाही. वृत्तपत्रातून या प्रकाराला वाचा फुटली २०२१ मध्ये.

याच काळात दोघांनी यंत्रमानवांची हेल्मेटं चढवली. प्रसिद्धीचा जाच टळला आणि गंमत म्हणजे तेच मुखवटे जगभर ओळखीचे झाले. २००५ चा ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ सहा आठवड्यांत उरकलेला; बऱ्याच समीक्षकांनी त्याला नाकं मुरडली. पण एप्रिल २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात प्रकाशाने उजळलेल्या पिरॅमिडमधून त्यांनी त्याच गाण्यांची जुन्या गाण्यांशी अशी सांगड घातली की समीकरणच बदललं. तोवर बहुतेक डीजे म्हणजे कोपऱ्यात मान खाली घालून तबकड्या फिरवणारा माणूस. आता त्याला भव्य रंगमंच मिळाला. त्या दौऱ्यातलं ध्वनिमुद्रण ‘अलाइव्ह २००७’ म्हणून आलं. त्याच वर्षी गोव्यात ‘सनबर्न’ हा नृत्यसंगीताचा महोत्सव सुरू झाला. अशा महोत्सवांत आज प्रकाशाच्या भिंती उभ्या राहतात, त्या चालीला मोठी गती दिली ती या पिरॅमिडने.

सगळे लॅपटॉपवर गाणी करू लागले, तेव्हा हे दोघे उलट्या दिशेला निघाले. २०१३ च्या ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’साठी त्यांनी खऱ्या वादकांना स्टुडिओत बोलावलं. ओमर हकीमचे ड्रम, नेथन ईस्टचा बास, नाइल रॉजर्सची गिटार. डिस्कोचे जुनेजाणते निर्माते जॉर्जिओ मोरोडर आपली कहाणी सांगायला आले, तेव्हा त्यांच्यापुढे वेगवेगळ्या दशकांतले मायक्रोफोन मांडलेले होते. ज्या काळाची गोष्ट, त्या काळचा मायक्रोफोन! फरक सामान्य श्रोत्याच्या कानाला कळणारा नव्हता. तरी हट्ट सोडला नाही. २०१४ मध्ये या अल्बमच्या खात्यात सर्वोत्कृष्ट अल्बमसह पाच ग्रॅमी जमा झाली. पुरस्कार घ्यायला आलेले यंत्रमानव एक शब्दही बोलले नाहीत.

२२ फेब्रुवारी २०२१ ला एका चित्रफितीतून त्यांनी निरोप घेतला. त्यानंतर बांगाल्तेरने ‘मिथॉलॉजीज’ या बॅलेसाठी वाद्यवृंदाचं संगीत लिहिलं आणि उघड्या चेहऱ्याने मुलाखती दिल्या. आजच्या जगात यंत्रमानव व्हावंसं वाटत नाही, असं त्याचं म्हणणं.

२८ वर्षांत स्टुडिओ अल्बम चार, मोठे दौरे दोन. आज दर शुक्रवारी नवं गाणं सोडणाऱ्या डीजेंना हा आकडा परवडणार नाही. त्यांनी डाफ्ट पंककडून दिवे घेतले, मुखवटे घेतले, दबून उसळणारा ठेकाही घेतला. जुनं संगीत वर्षानुवर्षं ऐकत बसण्याची सवय मात्र फारच थोड्यांनी घेतली, आणि डाफ्ट पंकचं सगळं काम तर तिच्यावरच उभं आहे.