चैत्रातील पंगत आणि मांडवातील वारा

चैत्र मास उजाडला की महाराष्ट्रातील देवालयांत उत्सवांची मालिकाच सुरू होते. रामनवमीस माध्यान्ही 12 वाजता श्रीरामजन्माचा सोहळा होतो, सुंठवडा वाटला जातो आणि मग कित्येक ठिकाणी प्रांगणातील मांडवात महाप्रसादाच्या पंगती बसतात. वेळ नेमकी उन्हाच्या कडाक्याची! अन्नदानाचे पुण्य जोडताना जेवणाऱ्याच्या जिवास क्लेश होऊ नयेत, हे पाहणे हाही यजमानाचा धर्मच होय. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथील उघड्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर 14 जण प्राणास मुकले, याचे विस्मरण कोणत्याही उत्सव समितीस होता कामा नये.

आपल्या त्वचेचे तापमान सुमारे 35 अंश असते. हवा त्याहून थंड असेल, तर वारा अंगाची उष्णता वाहून नेतो. ती अधिक तापली की घाम सुकणे हाच शरीराचा एकमेव आधार उरतो. म्हणूनच मांडवात सावलीइतकेच वाऱ्याचे महत्त्व आहे. चहूबाजूंनी कनाती लावल्यास तो अडतो. निदान समोरासमोरच्या दोन बाजू मोकळ्या असाव्यात. तापलेला पत्रा खाली बसलेल्यांवर उष्णता फेकीत राहतो. झावळ्यांचा मांडव तितका तापत नाही आणि त्याच्या फटींतून उष्ण हवा वर निघून जाते. पत्रा अपरिहार्य असल्यास त्याखाली हातभर अंतर सोडून कापडी छत बांधावे.

आचाऱ्यांच्या चुली मांडवापासून दूर, आग्नेयेस असाव्यात. या दिवसांत दुपारचा वारा बहुधा पश्चिमेकडून वा वायव्येकडून येतो. त्यामुळे धूर आणि धग पंगतीकडे न येता बाहेर जाते. स्वयंपाकघर आग्नेयेस असावे, हा पूर्वापार संकेत येथे किती उपयोगी पडतो पाहा!

देशावरील कोरड्या हवेत भिजवलेले वाळ्याचे पडदे गारवा देतात. कोकणात मात्र हवाच दमट. तेथे पाणी शिंपडण्यापेक्षा मोकळा वारा हितकर. हवा 40 अंशांच्या वर गेली असता विजेचा पंखाही अंग तापवतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा दिवशी जन्मसोहळा माध्यान्हीच व्हावा, परंतु पंगत सूर्य कलल्यावर बसवावी. तोवर भक्तांच्या हाती पन्हे वा ताक द्यावे. वृद्ध, बालके आणि गर्भवती यांना वाऱ्याच्या बाजूस प्रथम स्थान असावे.

तृप्त होऊन, सुखरूप घरी परतलेला अतिथी हीच अन्नदानाची खरी सांगता होय.