डोळ्याच्या पांढऱ्यातली तपकिरी झाक

डोळ्याचा पांढरा भाग सगळ्या माणसांत सारखाच पांढराशुभ्र असतो, ही समजूत चुकीची आहे. पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीच्या शेतात राबणाऱ्या सावळ्या माणसाचे डोळे दिवसाउजेडी नीट पाहिले, तर बुबुळाच्या कडेला धुरकट तपकिरी झाक अनेकदा दिसते. ती कडेशी गडद असते, पुढे विरत जाते आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत असते. हा मळ नव्हे, अंगातली उष्णता नव्हे आणि यकृताचा दोषही नव्हे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिनच इथे डोळ्यावरच्या पातळ, पारदर्शक पडद्यात उतरलेले असते. गोऱ्या आणि काळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच. फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात यामुळे. म्हणून ही झाक आफ्रिकी आणि दक्षिण आशियाई लोकांत नेहमीची, उत्तर युरोपात क्वचित. ती धुऊन जात नाही. त्यासाठी मध किंवा कांद्याचा रस डोळ्यात घालणे म्हणजे चांगल्या डोळ्याला इजा करून घेणे.

काविळीशी तिची गल्लत सर्रास होते. काविळीत पिवळेपणा पापणीखालीही सारखा पसरतो, लघवीही बहुधा गडद होते. पिवळ्या बल्बखाली मात्र कावीळ ओळखू येत नाही.

‘उन्हाने डोळे काळवंडले’ हे अर्धेच खरे. ऊन, वारा आणि धूळ यांमुळे बुबुळाशेजारी, बहुतेकदा नाकाच्या बाजूला, पिवळसर उंचवटा येतो किंवा मांस वाढते. हा ऊतकांतला बदल आहे, मेलॅनिनचा नव्हे. टोपी आणि गॉगल इथे खरोखर उपयोगी पडतात.

निळसर-राखाडी डाग वेगळा. जपानी त्वचातज्ज्ञ ओटा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही खूण आशियाई लोकांत जास्त आढळते, बहुधा एकाच बाजूला, पुष्कळदा पापणी-गालासकट. रंगद्रव्य खोल, डोळ्याच्या जाड पांढऱ्या आवरणात असल्याने ते निळे भासते. अशा डोळ्याला काचबिंदूचा धोका अधिक, त्यामुळे दाब नियमित तपासावा लागतो.

सावळ्या माणसाचा प्रत्येक डाग निरुपद्रवी, हाही गैरसमजच. मोठेपणी एकाच डोळ्यात नव्याने उमटलेला, वाढणारा, उंचावलेला किंवा जाड रक्तवाहिन्यांनी वेढलेला डाग नेत्रतज्ज्ञाला लगेच दाखवावा. क्वचित तो कर्करोग निघतो.