सत्तावीसचे बहात्तर का होतात?

दुसरीतलं लेकरू 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहितं, तेव्हा रागावू नका. बोलताना आपण आधी सात म्हणतो, मग वीस. लिहिताना मात्र २ आधी येतो. घोटाळा तिथेच होतो. म्हणूनच बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस सात' असंही वाचन आलं.

तुराटीच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा. लेकराच्या शेजारी बसा. समोर बसलात तर डावं-उजवं उलटं होईल. डावीकडे दोन जुड्या, उजवीकडे सात सुट्या काड्या. 'वीस आणि सात, सत्तावीस' असं म्हणवून घ्या, मग लिहायला लावा. खाली सात जुड्या, दोन काड्या मांडा. हे बहात्तर. फरक डोळ्यांना दिसतो. आई शाळेत गेलेली नसली तरी चालेल. बचत गटात दहाच्या नोटा मोजणाऱ्या हातांना हे येतंच.