अर्ध्या सुताचा हिशेब

लाकूड कापण्याच्या यंत्रावरील एका पट्टीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणाऱ्या बहुतेकांच्या घरात या पट्टीच्या आधाराने कापलेले लाकूड आहे. स्वयंपाकघरातले कपाट, मुलांचे टेबल, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेला पलंग, यांच्या फळ्या कोठल्या तरी गोल करवतीच्या टेबलावरून उतरलेल्या असतात. त्या टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाची बोटे शाबूत राहतात की नाही, हे पुष्कळदा या पट्टीवर ठरते. तेव्हा हा प्रश्न एकट्या सुताराचा नव्हे.

यंत्र तसे साधे आहे. टेबलाच्या मधल्या फटीतून दातेरी चकती वर आलेली असते आणि खाली मोटर असते. चकतीच्या बाजूला तिला समांतर अशी एक लांब पट्टी असते. तिला कोणी फेन्स म्हणतात, कोणी गाइड. फळीची कड या पट्टीला टेकवून फळी पुढे ढकलली की हव्या त्या रुंदीचा तुकडा निघतो. चकती आणि पट्टी यांच्यातले अंतर तेच तुकड्याचे माप.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका लहान कारखान्यात एका सुताराची दोन बोटे या यंत्राने गेली. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले होते ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. तो माणूस वीस वर्षे करवतीवर काम करणारा. आम्हांला ते कारण पटेना. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावरच झालेले. भूमितीचे पुस्तक आम्ही तिशी उलटल्यावर वाचनालयात बसून वाचले. पण दोन रेषा समांतर आहेत की नाहीत हे पाहण्यास एवढी विद्या पुरते. एका जुन्या मिस्त्रींना बरोबर घेऊन आम्ही टेपपट्टी लावली. चकतीच्या पुढच्या दात्यापासून पट्टी चार इंचांवर होती. मागच्या दात्यापासून ती अर्धा सूत जवळ होती. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे हा फरक दीड मिलिमीटरच्या आसपास. शिवाय पट्टी पुढच्या टोकाला कसलेली असली तरी मागचे टोक बोटाने दाबताच हलत होते.

एवढ्याशा फरकाने काय होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. चकतीचे पुढचे दाते वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दाते खालून वर जातात. पट्टी मागे निमुळती झाली की लाकूड पट्टी आणि मागचे दाते यांच्यामध्ये आवळले जाते. मग ते दाते लाकूड उचलतात आणि काम करणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. दहा इंची चकती मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दात्याचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. आपली लोकलसुद्धा इतकी वेगाने धावत नाही. फळी क्षणात निघून जाते; तिच्यावर जोर देणारा हात मात्र पुढे जातो, आणि पुढे चकती असते. यात माणसाने सावध होण्याला वेळच कोठे मिळतो?

यंत्र आधी इशारा देत असते. कापलेली कड काळी पडणे, कडेवर दात्यांचे गोल ओरखडे उठणे, फळी ढकलताना मध्येच जड लागणे, ही लक्षणे दिसली की पट्टी तपासावी. चकती बोथट असली तरी कड जळते, म्हणून तीही पाहावी.

तपासणीची रीत अशी. प्रथम वीज तोडावी. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. पुष्कळ टेबलांवर चकतीच्या दिशेने गेलेला एक चर असतो. तो मूळ रेषा धरावा. चकतीच्या एका दात्यावर खडूने खूण करून चरापासून त्याचे अंतर पुढच्या बाजूला मोजावे. मग चकती हाताने फिरवून तोच दाता मागे आणावा आणि पुन्हा मोजावे. दाता तोच ठेवल्यामुळे चकतीच्या वाकडेपणाने माप फसत नाही. फरक आढळला तर आधी चकतीची बैठक सरळ करावी. त्यानंतर पट्टी कसून तिचे चरापासूनचे अंतर दोन्ही टोकांना मोजावे. ते सारखे असावे. चुकायचेच झाले तर मागचे टोक पोस्टकार्डाच्या जाडीइतके चकतीपासून दूर असावे, जवळ कधीही नसावे. पट्टी पाच-सहा वेळा सोडून पुन्हा कसावी. दर वेळी माप निराळे येत असेल, तर दोष पट्टीच्या पकडीत आहे.

पट्टीचा दर्शनी भाग नुसता वाकला असेल तर सरळ प्लायची फळी स्क्रूने बसवून आणि खाली कागदाच्या पट्ट्या देऊन तो सरळ करता येतो. पकडच खराब असेल तर पट्टी बदलणे बरे. अमेरिकेत विल्यम बिझमायर यांनी १९८०च्या सुमारास एक रचना रूढ केली. टेबलाच्या पुढच्या कडेला एक भक्कम लोखंडी रूळ, त्यावर लांब आडवे डोके आणि त्या डोक्याला काटकोनात जोडलेली पोलादी चौकोनी नळी, असा तिचा इंग्रजी टी अक्षरासारखा आकार असतो. आडवे डोके रुंद असल्यामुळे एकाच ठिकाणी कसूनही नळी तिरपी होत नाही, आणि दोन लहान स्क्रूंनी तिची दिशा जुळवता येते. अँगल, नळी आणि वेल्डिंग एवढ्यावर हे काम होते. वागळे इस्टेटीत किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत ते करू शकणारे हात पुष्कळ आहेत.

पट्टी सरळ झाली म्हणजे सारे झाले, असे मात्र नव्हे. चकतीच्या मागे पातळ पाते हवे, म्हणजे चिरलेले लाकूड मिटून दात्यांना आवळत नाही. वर आवरण हवे. अरुंद तुकड्याला हाताऐवजी काठीने ढकलावे आणि फळीच्या रेषेत उभे राहू नये.

कायद्याचा आधार कोठवर पोहोचतो? १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याने अंगठा गेल्यास कमाईची ३० टक्के शक्ती गेली असे धरले, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के. १९४८च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागांना आवरण सक्तीचे केले. पण वीज वापरणाऱ्या कारखान्यात निदान दहा कामगार असतील तरच तो लागू होई. नोव्हेंबर २०२५मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेने हा आकडा वीसवर नेला. चार माणसांच्या सुतारखान्याला आणि सदनिकेत तात्पुरते टेबल मांडून काम करणाऱ्या सुताराला कारखान्याची ही व्याख्या पूर्वीही शिवत नव्हती, आताही शिवत नाही.

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. घरी सुतारकाम काढाल तेव्हा त्या टेबलाकडे एकदा पाहा. करवतीजवळची पट्टी दोन खिळ्यांवर ठोकलेली दिसली तर ती नीट करण्यास अर्धा दिवस द्या, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरीही द्या. आणि कोठे अपघात झालाच, तर माणसाला दोषी ठरवण्याआधी टेपपट्टी मागवा. त्या सुताराच्या बाबतीत आम्ही मोजमाप कागदावर मांडले, तेव्हा ‘निष्काळजीपणा’ हा शब्द खोडावा लागला. बोटे परत आली नाहीत; पण त्याच टेबलावर उभ्या राहणाऱ्या पुढच्या माणसाला नवी पट्टी मिळाली.