विश्लेषण : ४५ किलोचा मासा दोन इंचांच्या कृमीमागे का धावतो? काय आहे ‘वर्म हॅच’?

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला असलेल्या ‘फ्लोरिडा कीज’ बेटांजवळ मे-जूनमधील मोजक्याच संध्याकाळी एक अजब दृश्य दिसते. माणसाच्या उंचीचे टार्पन मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येतात आणि दोन-तीन इंचांचे लालसर कृमी टिपू लागतात. एरवी खेकडे, कोळंबी आणि लहान मासे खाणाऱ्या, ४५ किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या या माशाला त्या वेळी दुसरे काही दिसत नाही. या घटनेला ‘वर्म हॅच’ म्हणतात. तिच्यासाठी गळाला लावायचे खास नकली कृमीही तयार केले जातात. पण पाण्यात हजारो खरे कृमी असताना मासा दोरा आणि केसांचा खोटा कृमी का गिळेल?

‘वर्म हॅच’ म्हणजे नेमके काय?

‘हॅच’ म्हणजे अंड्यातून बाहेर पडणे. मात्र इथे अंड्यातून काहीच बाहेर पडत नाही. नदीतील ट्राउट माशांच्या मासेमारीत पाण्यातून उडणाऱ्या किड्यांच्या थव्याला ‘हॅच’ म्हणण्याची पद्धत होती. तोच शब्द समुद्रात आला. प्रत्यक्षात हा समुद्री कृमींचा सामूहिक प्रजननाचा सोहळा असतो. हे कृमी म्हणजे गांडुळाचे समुद्रातील नातलग.

फ्लोरिडातील पलोलो कृमी खडकांच्या आणि प्रवाळांच्या भेगांत राहतो. वेळ झाली की त्याच्या शरीराचा मागचा भाग तुटून वेगळा होतो. अंडी किंवा शुक्रपेशींनी भरलेला हा तुकडा स्वतंत्रपणे पोहत वर येतो. पुढचा भाग बिळातच राहतो आणि मागचा भाग त्याला पुन्हा फुटतो.

उत्तरेकडील ऱ्होड आयलंड राज्यात वेगळा प्रकार दिसतो. तेथील निनिग्रेटसारख्या खाऱ्या पाण्याच्या तळ्यांत ‘सिंडर वर्म’ चिखलात राहतो. प्रजननाच्या वेळी त्याचे संपूर्ण शरीरच बदलते. डोळे मोठे होतात, पाय वल्ह्यांसारखे चपटे होतात आणि तो बिळ सोडून पोहू लागतो. प्रजननानंतर तो मरतो. या मेजवानीला येणारा मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास.

कृमींना तिथी कशी कळते?

पलोलोचा सर्वात प्रसिद्ध सोहळा पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर होतो. ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये, आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर कृष्ण पक्षातील अष्टमीच्या आसपास, पहाटेपूर्वी गावकरी जाळी घेऊन पाण्यात उतरतात. तिथे पलोलो हे आवडीचे खाणे आहे. फ्लोरिडात आणि ऱ्होड आयलंडमध्ये कृमी साधारणपणे पौर्णिमा-अमावस्येच्या जवळपास वर येतात.

यामागचे कोडे युरोपच्या किनाऱ्यावरील ‘प्लॅटिनेरीस’ या कृमीने बरेचसे सोडवले. जर्मन जीवशास्त्रज्ञ कार्ल हाउएनशिल्ड यांनी १९६०च्या आसपास प्रयोगशाळेत महिन्यातील काही रात्री मंद दिवा लावून कृत्रिम ‘चांदणे’ तयार केले. कृमींनी त्या दिव्यानुसार आपले प्रजननाचे चक्र जुळवले. म्हणजे त्यांच्या शरीरात महिन्याचे घड्याळ असते आणि चांदणे ते घड्याळ लावून देते. २०२२मध्ये व्हिएन्नातील क्रिस्टिन टेसमार-राइबल यांच्या गटाने सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, ‘एल-क्राय’ नावाचे प्रथिन या कृमीला सूर्यप्रकाश आणि चंद्रप्रकाश यांतील फरक ओळखायला मदत करते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? अंडी आणि शुक्रपेशी खुल्या पाण्यात सोडल्या जातात. सगळे एकाच वेळी आले तरच त्यांची भेट होते. शिवाय इतके कृमी एकदम आले की माशांनी कितीही खाल्ले तरी पुरेसे उरतात.

नकली कृमी कसा बनवतात?

गळाभोवती दोरा, केस, पिसे गुंडाळून केलेल्या हलक्या आमिषाला ‘फ्लाय’ म्हणतात. त्याला स्वतःचे वजन नसते. त्यामुळे तो फेकण्यासाठी लागणारे वजन दोरीतच असते.

* पलोलो फ्लाय : लांबी दोन-तीन इंच. अंगासाठी सशाच्या केसांची बारीक पट्टी किंवा ‘चेनिल’ हा लवदार दोरा. रंग विटकरी, नारिंगी किंवा लाल. डोक्याकडे फिकट पिवळसर. वजनाचे मणी लावत नाहीत, कारण फ्लाय पृष्ठभागाच्या जरा खालीच राहायला हवा. गळ लहान, पण जाड तारेचा. साधा गळ टार्पन सहज वाकवतो.

* सिंडर वर्म फ्लाय : लालसर-गुलाबी अंग, काळे किंवा गडद हिरवे डोके. चेनिलचे टोक लायटरने हलकेच भाजतात. त्यामुळे ते निमुळते होते आणि उसवत नाही. काही जण डोक्याला फोम किंवा हरणाचे केस लावतात. मग फ्लाय पाण्यावर तरंगतो आणि ओढताना मागे बारीक लाट सोडतो.

हजारो खऱ्यांत एक खोटा कसा निवडला जातो?

अभियांत्रिकीच्या भाषेत हा ‘सिग्नल’ आणि ‘नॉइज’चा प्रश्न आहे. फ्लाय हुबेहूब असेल तर तो गर्दीत हरवतो आणि फारच वेगळा असेल तर मासा त्याच्याकडे पाहत नाही. म्हणून अनेक जण खऱ्या कृमीपेक्षा थोडा मोठा किंवा गडद फ्लाय वापरतात.

पण रंगापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी दोन आहेत : जागा आणि चाल.

अन्न मुबलक असल्याने मासा पाठलागाची ऊर्जा खर्च करत नाही. तो आपल्या रेषेत पोहत समोर येईल ते टिपतो. त्यामुळे फ्लाय त्याच्या वाटेवरच पडायला हवा.

चालीचे गणितही दोन्हीकडे वेगळे आहे. पलोलो ओहोटीबरोबर खुल्या समुद्राच्या दिशेने एका लयीत पोहतो. म्हणून अनुभवी मासेमार काठी काखेत धरून दोन्ही हातांनी दोरी आळीपाळीने, न थांबता ओढतात. सिंडर वर्म मात्र गोल-गोल, वेडावाकडा फिरतो. तिथे फ्लाय प्रवाहाबरोबर वाहू देऊन अधूनमधून हलका झटका देणे पुरते. ऱ्होड आयलंडमध्ये हा खेळ अनेकदा अंधार पडल्यावरही चालतो. तेव्हा माशाला रंग नव्हे, आकृती दिसते.

मग काळजी कशाची?

जी घटना पंचांग पाहून सांगता येते, ती माशांसाठी धोक्याचीही ठरते. ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी मासे जमतात आणि होड्याही. त्याच दिवसांत टार्पनचा प्रजननासाठी खोल समुद्राकडे प्रवास सुरू असतो.

अटलांटिक टार्पनची नोंद ‘आययूसीएन’च्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. फ्लोरिडाने २०१३मध्ये टार्पन पकडून सोडणे बंधनकारक केले. विक्रमाच्या नोंदीसाठी विशेष परवाना घेतला तरच अपवाद. ४० इंचांहून मोठा टार्पन तर पाण्याबाहेरही काढता येत नाही.

तरीही ‘सोडला’ म्हणजे ‘वाचला’ असे नाही. फ्लोरिडातील बाहिया होंडा परिसरात टार्पनच्या हंगामात हॅमरहेड शार्कही येतात आणि गळाला लागून दमलेले टार्पन त्यांचे भक्ष्य होतात. झुंज जितकी लांबते, तितका धोका वाढतो. त्यामुळे मजबूत काठी वापरून मासा लवकर जवळ आणणे आणि गळाचा काटा पक्कडीने दाबून टाकणे हा सल्ला दिला जातो.

स्ट्राइप्ड बासचा साठा २०१९मध्ये अतिमासेमारीने घटल्याचे जाहीर झाले. २०२३पासून अटलांटिक किनाऱ्यावर हौशी मासेमाराला २८ ते ३१ इंच लांबीचा एकच मासा ठेवता येतो.

आपल्याकडे काय?

टार्पनचा लहान भाऊबंद भारतीय किनाऱ्यावरही आढळतो आणि सिंडर वर्मच्या कुळातील कृमी आपल्या खाड्यांच्या चिखलातही असतात. उधाण आणि भांगाचे गणित तर कोकणातील मच्छीमारांना पाठच असते. वर्म हॅचमध्येही तेच गणित आधी येते. तिथी, ओहोटी आणि फ्लायची चाल जुळली तर साधा लाल दोराही चालतो. त्या चुकल्या तर पेटीतला सर्वात देखणा फ्लायही तसाच परत येतो.